तपासणी चुकते ती खाड्यामुळेही
गरोदरपणातील तपासण्या चुकण्याचे मूळ अशिक्षितपणात आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) ‘एका कोयत्या’ची, म्हणजे दोघांची मिळून असते, त्यामुळे बाईने दवाखान्यासाठी एक दिवस काढला तरी खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. गावच्या आशाताईला तिचा कितवा महिना आहे हे ठाऊक असते, उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, मात्र तिची विचारपूस करणारे सहसा कोणी नसते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणारी मोफत तपासणी ही २०१६ पासूनची खरोखर चांगली सोय आहे. पण सहाव्या महिन्यात पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला तिथवर नेणार कोण? नर्सताईंनीच मजुरांच्या तळावर यायला हवे.