अ‍ॅक्झोलॉटलचा (पाण्यात राहणाऱ्या सॅलमँडरचा) रंग उडालाय, कल्लेही फिके पडलेत. काय करू? (चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, सोडून सांगा)

शेवाळ:
जंगली रंगाचा अ‍ॅक्झोलॉटल, 80 लिटरची टाकी, पाणी 23 अंश. 10 दिवसांपूर्वी सगळी जुनी खडी काढून पांढरी बारीक वाळू घातली. तेव्हापासून पाठीचा काळपट रंग करडा झालाय. कल्ले फिके, पुढे वळलेले. डावीकडच्या मधल्या कल्ल्यावर कापसासारखा पुंजका. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलंय. चिलर परवडणार नाही.

गारवा:
चिलरच घ्या. माझा 17 वर लावलेला असतो, वर्षभर काळजी नाही. 16 ते 18 अंश हवेत, 23 खूप झाले.

पाणीपरीक्षा:
अमोनिया किती आहे? पट्टीवर विसंबू नका, थेंबांच्या किटने मोजा.

खडेमीठ:
पुंजका म्हणजे बुरशी. वेगळ्या भांड्यात लिटरला 2 छोटे चमचे आयोडीन नसलेलं मीठ, 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. टाकीत मीठ घालू नका.

निशाचर:
मीठ सगळ्यात शेवटी! अमोनियाने आधीच कातडी पोळली असेल तर मिठाने आणखी झोंबेल. देशी बदामाची वाळलेली पानं उकळून गार केलेलं पाणी सौम्य पडतं. आणि तांबं असलेली माशांची औषधं अजिबात नकोत.

खडेमीठ:
बदामाच्या पानांनी दाट पुंजका जात नाही. 10 मिनिटांच्या मिठाने कोणी पोळत नाही, वेळ पाळा म्हणजे झालं.

गारवा:
पाणी गार असेल तर बुरशी हळू वाढते. म्हणून म्हणतो, चिलर.

शेवाळ:
मोजलं. अमोनिया 0.5, नायट्राइट 0.25, पीएच 7.8.

पाणीपरीक्षा:
मग दोन गोष्टी वेगळ्या करा. पाठ उजळली ती वाळूमुळे: फिकट तळावर रंगपेशींमधले काळे कण आक्रसतात. तो आजार नाही. कल्ले बिघडले ते पाण्यामुळे. खडीवर जिवाणू वसले होते, ते तिच्याबरोबर गेले. अमोनिया पचवणारं फारसं कोणी उरलं नाही. त्यात पीएच आणि उष्णता चढी असली की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अ‍ॅक्झोलॉटलला झाकणाच्या डब्यात हलवा, झाकणाला भोकं हवीत. रोज सगळं पाणी बदला, क्लोरीन काढून, त्याच तापमानाचं. टाकीत पाणी तसंच ठेवून, प्राण्याशिवाय फिल्टर चालू ठेवा आणि चालत्या, निरोगी टाकीतला जिवाणू वसलेला मळका स्पंज त्यात घाला. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. कल्ले नुसते फिके दिसले म्हणून घाबरू नका, निवांत असताना ते फिके पडतातच. खाल्ल्यावर लाल होतात का ते बघा.

निशाचर:
पोटावर किंवा पायांवर लाल चट्टे दिसले तर घरगुती उपाय थांबवून लगेच पशुवैद्य गाठा.

करडूक:
जुनी खडी परत टाका ना, रंगही परत येईल.

पाणीपरीक्षा:
नको. खडी गिळली की आतडं तुंबतं.

शेवाळ:
ठरलं. डबा, आणि पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा. दोनेक अंश उतरले तरी चालतील. मीठ नाही, बदामाची पानंही नाहीत. चार दिवस नुसतं स्वच्छ पाणी. पुंजका वाढला तरच मीठ. पांढरी वाळू राहू देतो.

खडेमीठ:
चार दिवस फार होतात. रोज फोटो काढा.