तुमच्या कामात 'फसलं' कसं ओळखता?

बिघडणं, बिनसणं, फिसकटणं, नापास होणं या सगळ्याला आपण सरसकट अपयश म्हणतो. आपापल्या क्षेत्रातलं फसणं कसं दिसतं ते लिहा. आत्मचरित्र नको, खुणा सांगा.

यंत्रदुरुस्ती
शाफ्ट (यंत्रातला फिरणारा दांडा) तुटला की दोन तुकडे जुळवून बघायचा मोह आवरा, खुणा पुसल्या जातात. तुटलेलं तोंड तिरप्या उजेडात धरा. एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा आणि उरलेला भाग खरबरीत असेल, तर धातू थकून तुटलाय. रेषा जिथे एकवटतात तिथून तडा सुरू झाला. बहुतेकदा तिथे कीवेचा, म्हणजे चावी बसवायच्या खाचेचा, टोकदार कोपरा किंवा लेथवर तासताना पडलेली खोल रेघ सापडते. खरबरीत भाग लहान असेल तर भार मोठा नव्हता, तो फक्त लाखो वेळा आला. अशा वेळी नुसता जाड शाफ्ट बसवून काय उपयोग? कोपऱ्याला गोलाई द्या. १९५४मध्ये दोन कॉमेट प्रवासी जेट विमानं हवेतच फुटली. पुढे टाकीत पाण्याच्या दाबाखाली चाचणी घेतली, तेव्हा सांगाड्यातला तडाही खिडकीच्या कोपऱ्यापाशीच सापडला.

सुतारकाम
वरच्या मुद्द्याला जोडून: निखळलेल्या सांध्यावर लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर ग्लूला दोष देऊ नका, लाकूड हरलंय. एका बाजूला ग्लूचा चकचकीत थर आणि दुसरी बाजू कोरी? मग जोडायला उशीर झाला, किंवा तिथे तेल-मेण होतं. दोन्हीकडे ग्लू जेमतेम दिसतोय, तर क्लॅम्प जास्त आवळून तो बाहेर पिळला गेला.

सॉफ्टवेअर
धाडकन कोसळणारा प्रोग्राम परवडला. निमूट चुकीचा आकडा देणारा नको. मंगळाकडे निघालेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९मध्ये असंच गेलं: एका प्रोग्रामने यानाला मिळणाऱ्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक जवळपास ४.४५ पट. व्हेरिएबलच्या (आकडा साठवायच्या जागेच्या) नावातच एकक लिहा, आणि बाहेरून आलेला आकडा शक्य त्या मर्यादेत बसतो का ते आत घेतानाच तपासा.

प्रयोगशाळा
प्रयोग फसला की अंदाज, हे आधी ठरवा. उत्तर ठाऊक असलेला नमुना त्याच खेपेत सोबत चालवा. तोही चुकला तर रसायन, तापमान, उपकरण बघा. तो बरोबर आला आणि तुमचा नमुना कोरा, तर तो निकाल आहे, वहीत नोंदवा. १८८७मध्ये पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावर होणारा परिणाम शोधताना मायकेलसन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांना प्रकाशाच्या उजळ-काळ्या पट्ट्या ०.४ पट्टीएवढ्या सरकणं अपेक्षित होतं. तेवढं काही सरकलं नाही, आणि तेच त्यांनी छापलं.