शब्दचर्चा : 'रशियन' म्हणजे नेमके कोण?

प्रश्न

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या रशियावरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. तो शब्द दुर्मीळ नाही, रोजच्या बातम्यांतला आहे : 'रशियन'. मूळ मजकुरात दोन वेगळी विशेषणे येतात, 'रूस्की' आणि 'रसीस्की'. दोन्हींसाठी मी 'रशियन' लिहीत गेले. पूर्ण झालेला अनुवाद वाचला तेव्हा लक्षात आले की, जेथे लेखकाने हे दोन शब्द मुद्दाम समोरासमोर ठेवले आहेत तेथे माझ्या वाक्यांना अर्थच उरलेला नाही. 'चेचेन माणूस रशियन आहे, पण रशियन नाही' असे वाक्य वाचकापुढे कसे ठेवावे? या भेदासाठी मराठीत रूढ शब्द आहेत का, आणि नसल्यास कोणते स्वीकारावेत?

प्रतिसाद

आपण ज्या शब्दापाशी थांबलात त्यावरून आपल्याकडचे बहुतेक लेखन न थांबता पुढे जाते. त्यामुळे गेल्या तीन दशकांतील रशियाच्या राजकारणाचा एक महत्त्वाचा धागा मराठी वाचकाला दिसतच नाही.

'रूस्की' हे विशेषण भाषा, संस्कृती आणि लोकसमूह यांच्याकडे निर्देश करते, तर 'रसीस्की' राज्यसंस्थेकडे. रशियन भाषा 'रूस्की' आहे, ऑर्थोडॉक्स चर्च 'रूस्की' आहे, सेंट पीटर्सबर्गमधील प्रसिद्ध कलासंग्रहालयाच्या नावातही 'रूस्की'च आहे. परंतु सैन्य, नागरिकत्व, रूबल, विज्ञान अकादमी आणि खुद्द संघराज्य यांना 'रसीस्की' म्हटले जाते. (लिंगाप्रमाणे विशेषणाचे रूप बदलते, येथे सोयीसाठी मी पुल्लिंगी रूपच वापरतो.) या दुसऱ्या शब्दाच्या कुळातले नाम म्हणजे 'रसियानिन', त्याचे अनेकवचन 'रसियाने'. रशियाचे पहिले अध्यक्ष बोरिस येल्त्सिन देशवासीयांना 'प्रिय रसियाने' अशी साद घालत, तेव्हा त्या संबोधनात तातार, बाश्कीर, चुवाश, याकूत, बुर्यात आणि चेचेन हे रशियातील सारेच लोकसमूह सामावलेले असत. 'प्रिय रूस्की लोकहो' असे ते म्हणाले असते, तर यांपैकी प्रत्येकाला आपण वगळले गेलो असे वाटले असते, आणि ते वाटणे योग्यच ठरले असते.

हा भेद प्राचीन काळापासून असाच चालत आला आहे, असे मात्र समजू नये. अठराव्या शतकात लमनोसफ या रशियन विद्वानाने रशियन भाषेचे व्याकरण लिहिले तेव्हा त्या ग्रंथाच्या नावात त्याने 'रसीस्की'च वापरला. म्हणजे त्या काळी तो भाषेलाही चालत होता, किंबहुना अधिक भारदस्त वाटत होता. सोव्हिएत काळात राज्यवाचक विशेषणाची जागा 'सोव्हिएत' या शब्दाने घेतली आणि 'रसीस्की' मुख्यतः रशिया या एका घटक प्रजासत्ताकाच्या अधिकृत नावापुरता उरला. पुढे १२ जून १९९० रोजी त्या प्रजासत्ताकाने आपले सार्वभौमत्व घोषित केले आणि २५ डिसेंबर १९९१ रोजी, गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला त्याच दिवशी, त्याचे नाव 'रशियन संघराज्य' असे झाले. तेव्हा 'सोव्हिएत' शब्दाची रिकामी झालेली जागा कोणत्या तरी शब्दाने भरणे भाग होते. येल्त्सिन यांच्या काळात ती 'रसीस्की'ने भरली, आणि माझ्या मते त्या गोंधळाच्या दशकात झालेल्या मोजक्या उदार निवडींपैकी ती एक होती.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायचे असेल तर 'मराठी' आणि 'महाराष्ट्रीय' यांतला फरक आठवावा. बेळगावचा मराठीभाषक मराठी आहे, पण महाराष्ट्र राज्याचा रहिवासी नाही. गडचिरोलीतील गोंडी बोलणारी स्त्री महाराष्ट्राची आहे, पण तिची मातृभाषा मराठी नाही. साम्य येथवरच न्यावे. आपल्याकडे हा फरक एका देशाच्या दोन राज्यांमधला आहे. १९९१ नंतर तेथे तो वेगवेगळ्या सार्वभौम देशांमधला झाला. १९८९ च्या जनगणनेनुसार सुमारे अडीच कोटी 'रूस्की' लोक रशियाबाहेरच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत राहत होते. घर न बदलता ते परदेशी झाले.

आता या दोन शब्दांनी राजकारणात काय घडवले ते पाहू. एप्रिल २००५ मध्ये संसदेपुढील वार्षिक भाषणात व्लादिमीर पुतिन यांनी सोव्हिएत संघाच्या पतनाला शतकातील मोठी भूराजकीय आपत्ती म्हटले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढच्याच वाक्यात, ही ज्यांची शोकांतिका झाली त्या जनतेसाठी त्यांनी 'रसीस्की' हे विशेषण वापरले होते. त्यानंतर १८ मार्च २०१४ रोजी, क्रिमियाच्या सामिलीकरणाच्या प्रसंगी केलेल्या भाषणात, सीमांनी विभागल्या गेलेल्या जगातील सर्वांत मोठ्या लोकसमूहांपैकी एक म्हणून त्यांनी ज्यांचा उल्लेख केला ते मात्र 'रूस्की' होते. एका विशेषणाची हद्द देशाच्या सीमेपाशी संपते आणि दुसऱ्याची संपत नाही. जुलै २०२१ मध्ये त्यांनी जो दीर्घ लेख प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही युक्रेनियनांच्या शेजारी 'रूस्की'च आहेत, आणि रशियन, युक्रेनियन व बेलारूशियन हे तिघे मिळून एकच लोक आहेत ही जुनी कल्पना तेथे याच शब्दाच्या आधाराने उभी केलेली आहे. मराठीत या तिन्ही ठिकाणी 'रशियन' आला की वाचकाला तीन सारखी वाक्ये दिसतात आणि मधल्या वर्षांत भूमिका सरकली आहे याचा मागमूस लागत नाही. २०१४ चे वाक्य तर 'रशियन जनता विभागली गेली' असे वाचले की, तेथे जनमतात दुफळी पडली असावी असाच समज होतो.

म्हणून माझी सूचना अशी : 'रूस्की'साठी 'रशियन' राहू द्यावा, कारण रशियन भाषेसाठी तो मराठीत पक्का रुजलेला आहे. 'रसीस्की'साठी मात्र नवा शब्द घडवत न बसता साध्या षष्ठीचा उपयोग करावा : रशियाचे सैन्य, रशियाचा नागरिक, रशियाची मध्यवर्ती बँक. आपला प्रत्यय हे काम नेमकेपणाने करतो.

प्रतिसाद

षष्ठीची सूचना मला मान्य आहे. 'रशियाई' असा शब्द काही ठिकाणी दिसतो. पण तो 'आशियाई'च्या धर्तीवर बेतल्यासारखा वाटतो आणि त्याचा 'रशियन'पेक्षा वेगळा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप उमटणार नाही. जेथे संदर्भावरून 'रूस्की' स्पष्ट होत नाही तेथे काहीजण 'वांशिक रशियन' लिहितात, ते मात्र मला खटकते. 'वंश' म्हटले की मराठीत रक्त आणि चेहरेपट्टी डोळ्यांपुढे येते. रशियात आई तातार आणि वडील रशियन अशी कुटुंबे असंख्य आहेत आणि त्यांतली मुले स्वतःला काय म्हणवतात हे घर, भाषा आणि शाळा यांवरून ठरते. 'रशियन समाजातला' किंवा 'जन्माने रशियन' असे लिहिलेले अधिक बरे. २०१३ पासून रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या एल्विरा नबिउल्लिना तातार आहेत, आणि २०१२ ते २०२४ या काळात संरक्षणमंत्री असलेले सेर्गेई शोइगु यांचे वडील तुवा समाजाचे होते. त्यांना 'रशियाच्या गव्हर्नर' आणि 'रशियाचे मंत्री' म्हटल्याने काहीच अडत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेन युद्धासाठी सैन्यभरतीचा हुकूम निघाला तेव्हा रशियातील दागेस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी मखाचकला येथे लोक, विशेषतः स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. त्यांना 'रशियन महिला' म्हटले की त्या निषेधामागचे अर्धे कारण झाकले जाते. दागेस्तान, बुर्यातिया आणि तुवा येथील तरुणांना युद्धात लोकसंख्येच्या मानाने अधिक किंमत मोजावी लागत आहे, ही तेथील लोकांची तक्रार होती.

प्रतिसाद

याच चर्चेत 'राष्ट्रीयत्व' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. रशियन भाषेतील 'नत्सियनाल्नस्त' ऐकायला आपल्या ओळखीच्या इंग्रजी शब्दासारखा आहे, म्हणून अनुवादक तेथे डोळे मिटून 'राष्ट्रीयत्व' घालतात. आपल्या अर्जावर 'राष्ट्रीयत्व : भारतीय' असे आपण लिहितो, म्हणजे तो शब्द आपल्याकडे नागरिकत्वाचा पर्याय आहे. रशियनमध्ये त्याचा अर्थ नागरिकत्व असा नसून लोकसमूह असा आहे. सोव्हिएत काळातील देशांतर्गत पासपोर्टमध्ये या नोंदीसाठी स्वतंत्र रकाना होता : एकाच देशाच्या नागरिकांपुढे रशियन, युक्रेनियन, तातार, ज्यू अशा नोंदी असत, आणि ज्यू अशी नोंद असलेल्या माणसाला विद्यापीठातील प्रवेशापासून नोकरीपर्यंत तिची किंमत मोजावी लागे. १९९७ मध्ये रशियाने नवे पासपोर्ट आणले तेव्हा तो रकाना काढून टाकला. यावर सर्वांत तीव्र हरकत तातारस्तानातून आली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या रकान्याने काहींना छळले, तोच इतरांना आपण निराळे आहोत याचा सरकारी पुरावा वाटत होता.

१९९३ च्या संविधानाची सुरुवात 'रशियन संघराज्यातील बहुराष्ट्रीय जनता' अशा शब्दांनी होते, असा अनुवाद मी पाहिला आहे. मराठी वाचकाला 'बहुराष्ट्रीय' म्हटले की कंपनीच आठवते. तेथे 'अनेक लोकसमूहांची मिळून बनलेली जनता' असे लिहावे. लांबले तरी चालेल. २०२० च्या घटनादुरुस्तीने रशियन भाषेला राज्यनिर्मात्या लोकसमूहाची भाषा असे विशेषण लावले, आणि लगेच पुढे तो लोकसमूह समान हक्क असलेल्या समूहांच्या संघातलाच एक आहे असेही म्हटले. त्या एका वाक्यात दोन्ही विचार परस्परांना खेटून उभे आहेत.

शेजारी देशांतही हाच पेच आहे. १९८९ मध्ये कझाकस्तानात कझाक सुमारे ४० टक्के आणि रशियन सुमारे ३८ टक्के होते. म्हणून स्वतंत्र देशाला 'कझाक' आणि 'कझाकस्तानी' असे दोन शब्द वेगळे ठेवावे लागले. मराठीत हा भेद आयताच उपलब्ध आहे, तो आपण सांभाळावा. लात्वियात तर 'अ-नागरिक' ही कायदेशीर संज्ञाच तयार झाली : सोव्हिएत काळात तेथे येऊन स्थायिक झालेले सुमारे ७ लाख लोक १९९० च्या दशकाच्या मध्यास लात्वियाचे नागरिक नव्हते आणि बहुतेक इतर कोणत्याही देशाचेही नव्हते. त्यांना मराठीत 'परकीय' किंवा 'निर्वासित' म्हणणे चूक आहे.

आणि 'रशियन-भाषक' हा तिसराच गट आहे. युक्रेनच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १७ टक्के लोकांनी स्वतःला रशियन म्हटले, पण सुमारे ३० टक्क्यांनी आपली मातृभाषा रशियन असल्याचे सांगितले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात लक्षावधी युक्रेनियन माणसे आहेत. क्रिवी रीह या शहरात रशियन बोलत वाढलेले राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की हे त्याच भाषिक जगातून आलेले आहेत. 'युक्रेनमधील रशियन' असे सरसकट लिहिणारा लेखक नकळत एका बाजूचा दावा मान्य करून बसतो.

प्रतिसाद

एक पुरवणी. रशियनमध्ये 'युक्रेनमध्ये' असे म्हणताना जुन्या रूढीप्रमाणे 'वर' या अर्थाचे 'ना' हे अव्यय लागते. बहुतेक देशांना मात्र 'आत' या अर्थाचे 'व' लागते. १९९३ मध्ये युक्रेनच्या सरकारने आपल्या देशासाठीही 'व' वापरावे अशी विनंती रशियाला केली. दोन अक्षरांसाठी एवढा आग्रह का, असे वाटेल. पण आपण 'देशावर' आणि 'देशात' यांत काय फरक करतो ते आठवावे. 'देशावर पाऊस कमी झाला' म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या एका भूभागावर, आणि 'देशात पाऊस कमी झाला' म्हणजे संपूर्ण राष्ट्रात. युक्रेनचे म्हणणे तेच होते : आम्हाला भूभागाचे अव्यय लावू नका, राज्याचे लावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. अडलेले वाक्य आता 'चेचेन माणूस रशियाचा नागरिक आहे, पण रशियन नाही' असे झाले आहे आणि ते मला पटते. षष्ठीच्या उपायाने लेखातील बहुतेक जागा सुटल्या. तपासताना आणखी एक चूक सापडली : प्रस्तावनेत मी लाल बहादूर शास्त्री यांचे निधन 'रशियात' झाले असे लिहिले होते. आमच्या घरी नेहमी तसेच म्हटले जाई. ताश्कंद १९६६ मध्ये सोव्हिएत संघात होते, रशियात नव्हते, आणि आज ते उझबेकिस्तानची राजधानी आहे. वाक्य दुरुस्त केले.

एक जागा मात्र शिल्लक आहे. रशियन भाषा व संस्कृतीच्या परदेशातील प्रसारासाठी २००७ मध्ये 'रूस्की मीर' नावाची संस्था स्थापन झाली आणि ते नाव पुढे एका राजकीय कल्पनेचे झाले. 'मीर' म्हणजे जग, 'मीर' म्हणजे शांतता, आणि एके काळी शेतकऱ्यांच्या ग्रामसमाजालाही 'मीर' म्हणत. 'रशियन जग' लिहिले की पहिलाच अर्थ उरतो, आणि मराठीत तो एखाद्या पर्यटन पुरवणीच्या शीर्षकासारखा वाटतो. तेथे मी मूळ शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखापाशी तीन ओळींचे स्पष्टीकरण दिले आहे. याहून चांगला पर्याय कोणाला सुचल्यास अवश्य कळवावा. लेख महिनाअखेरीस छापायला जाणार आहे.