नॅसकारमधल्या ‘टेस्टिंग बॅन’ला मराठीत काय म्हणाल?

मुक्ता
नॅसकारवर, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींवर लेख लिहितेय. शर्यत नसताना ट्रॅकवर गाडी पळवून बघण्यावर जे नियम आले, त्यांनी मोठ्या आणि छोट्या टीमांचं काय झालं, हा विषय. पहिल्याच परिच्छेदात अडले. ‘टेस्टिंग’ला सराव लिहू की चाचणी? ‘बॅन’ला बंदी चालेल ना?

ढवळ्यापवळ्या
सराव नको. प्रॅक्टिसला सराव म्हणावं. तो शर्यतीच्याच मुक्कामात होतो आणि सगळ्यांना मिळतो. टेस्टिंग म्हणजे टीमने आपल्या खर्चाने ट्रॅकवर जायचं, स्प्रिंगा बदलायच्या, चार फेऱ्या मारायच्या, पुन्हा बदलायच्या. दोन्हींचे नियम वेगळे. करोनानंतर 17 मे 2020 ला डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा तर सरावही नव्हता. गाड्या थेट शर्यतीला उतरल्या आणि केव्हिन हार्विक जिंकला. हे मराठीत सांगताना सराव हा शब्द लागणार, तो आधीच खर्च करू नका.

भालचंद्र_काका
आणि स्टॉक कारचं ‘साठागाडी’ करू नका म्हणजे मिळवली!

शार्लटकर
😀 काका, स्टॉक म्हणजे शोरूममध्ये विकायला ठेवलेली गाडी जशीच्या तशी. 1949 ला पहिली मालिका सुरू झाली तेव्हा तिचं नावच ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ होतं. आता नावापुरतंच उरलंय. तो शब्द आहे तसाच ठेवा.

मुक्ता, माझी हरकत ‘बंदी’ला आहे. मंदीच्या दणक्यात, नोव्हेंबर 2008 मध्ये नॅसकारने जाहीर केलं, की त्यांच्या वरच्या तीन मालिकांच्या शर्यती जिथे होतात त्या ट्रॅकांवर 2009 पासून चाचणी नाही. म्हणजे ट्रॅक बंद केले, चाचणी नव्हे. बाकी ट्रॅक मोकळेच. रॉकिंगहॅमच्या ट्रॅकवर कपची, म्हणजे सगळ्यात वरच्या मालिकेची शर्यत 2004 नंतर होत नव्हती. तिथे मोठ्या ट्रॅकच्या मागे मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकच्या धर्तीवर अर्ध्या मैलाचा छोटा ट्रॅक बांधलेला होता. टीमा तिकडे वळल्या. ‘चाचणीबंदी’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल चाचण्या थांबल्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या कुठे थांबल्या?

मुक्ता
मग 2009 साठी ‘निर्बंध’?

शार्लटकर
हो. बंदी हा शब्द 2015 साठी राखून ठेवा. त्या वर्षापासून टीमांच्या खासगी चाचण्या सरसकट बंद झाल्या. उरल्या नॅसकार आणि टायर पुरवणारी गुडइयर यांनी ठरवलेल्या चाचण्या.

रेवा_म
मधलं 2013 विसरू नका. तेव्हा मर्यादा होती: कप मालिकेच्या ट्रॅकवर चार चाचण्या. पण चार कुणाला? इथे ‘टीम’ शब्द दगा देतो. नॅसकारमध्ये एका क्रमांकाची गाडी, तिचा ड्रायव्हर, क्रू चीफ, मेकॅनिक ही एक टीम. हेंड्रिक या बड्या मालकाकडे अशा चार. त्यांच्या वरची मालकाची संस्था वेगळी, आणि कोटा त्या संस्थेला होता. म्हणजे हेंड्रिकच्या चार गाड्यांना मिळून चार आणि डेनव्हरच्या फर्निचर रो या छोट्या संस्थेच्या एकट्या गाडीलाही चारच. दोन्हीकडे ‘टीम’ लिहिलंत तर हा नियम छोट्यांच्या बाजूचा होता हे कळणारच नाही.

ढवळ्यापवळ्या
मालकाला ‘गाडामालक’ म्हणा. बैलगाडा शर्यतीत रूढ शब्द आहे. चार गाडे, एक गाडामालक.

रेवा_म
मस्त आहे, पण लेख घाटावरच्या धुरळ्यात जाईल. ‘संस्था’ आणि ‘टीम’ पुरे.

भालचंद्र_काका
मला एक सांगा, छोट्यांच्या बाजूचा नियम म्हणता, मग त्यांना फायदा झाला का? ट्रक, इंजिन, टायर, माणसांचा मुक्काम, हा खर्च त्यांना चार वेळाही झेपत नसेल.

शार्लटकर
तीच तर मेख आहे, काका. 2009 च्या सुमाराला कित्येक छोट्या टीमा ‘स्टार्ट अँड पार्क’ करायच्या. शर्यतीत उतरायचं, थोड्या फेऱ्या मारून गाडी आत घ्यायची, बक्षिसाची रक्कम घेऊन घरी जायचं. टायर वाचले, इंजिन वाचलं. अशा टीमला चाचणी बंद केल्याने काय वाचणार? ती चाचणी करतच नव्हती. मोठ्या संस्थांमध्ये मात्र चाचणीपुरती वेगळी माणसं असायची, 2008 अखेर त्यातल्या बऱ्याच जणांची नोकरी गेली. वाचलेला पैसा संगणकाकडे गेला: सिम्युलेशन करणारे इंजिनियर, गाडी जागेवर हादरवून सस्पेन्शन तपासणारी यंत्रं, गाडीवर वारा सोडून बघायचे विंड टनेल. कॉनकॉर्डचं विंडशिअर 2008 चंच. तिथे गाडीखालचा पट्टा ताशी 180 मैलांनी फिरतो. पुढे कंपन्यांचे ड्रायव्हर-सिम्युलेटर आले, टोयोटाचा सॉल्सबरीला, फोर्डचा कॉनकॉर्डला. म्हणून ‘निर्बंधांमुळे खर्च वाचला’ असं सरळ वाक्य मी तरी लिहिणार नाही.

रेवा_म
इथे मी असहमत. निर्बंध नसते तर मोठ्यांनी ट्रॅकवरही पळवली असती आणि संगणकही घेतले असते, दोन्ही. दरी आणखी रुंदावली असती. फर्निचर रो पाहा. 2011 ला रीगन स्मिथने डार्लिंग्टन जिंकलं ते याच निर्बंधांच्या काळात, एका गाडीच्या जोरावर.

शार्लटकर
आणि त्यांचं 2017 चं कपचं विजेतेपद? ते मार्टिन ट्रूएक्सने गिब्जच्या मोठ्या संस्थेशी तांत्रिक ‘अलायन्स’ असताना मिळवलं. पुढच्याच मोसमानंतर टीम बंद. ट्रॅकवर शिकायची वाट मिटली, तर माहिती मोठ्याकडूनच घ्यावी लागते.

ढवळ्यापवळ्या
अलायन्सला युती म्हणायचं की आघाडी? 😛

भालचंद्र_काका
नको रे बाबा. ‘सहकार्य’ म्हण. तेही कुणी कुणाला सोडून गेलं की पुरवून वापर.

रेवा_म
‘सहकार्य’ गुळमुळीत आहे. ‘तांत्रिक करार’ लिहा. पैसे देऊन माहिती आणि सुटे भाग घ्यायचे, हा व्यवहारच असतो.

मुक्ता
ठरलं: 2009 निर्बंध, 2013 मर्यादा, 2015 बंदी. टीम आणि संस्था वेगळ्या. शार्लटकर आणि रेवा, तुमचा वाद दोन्ही बाजूंनी देतेय. ‘स्टार्ट अँड पार्क’चं काय करू?

भालचंद्र_काका
‘हजेरी लावून परत’.