ॲरिस्टॉटलने विज्ञान अडवून धरलं का? (एक चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कललेली फळी

दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना मी दरवर्षी विचारतो: एक किलोचा आणि दहा किलोचा दगड गच्चीवरून एकदम सोडले, तर आधी कुठला पडेल? निम्म्याहून जास्त हात जड दगडासाठी वर जातात. पोरांना दोष नाही, त्यांनी कधी टाकून पाहिलेलं नसतं. ॲरिस्टॉटलला मात्र मला माफ करता येत नाही. वजन दुप्पट तर वेग दुप्पट, हे त्याने इ.स.पू. चौथ्या शतकात मांडलं. गॅलिलिओचा ग्रंथ १६३८ मध्ये लायडनला छापून निघाला, तरी विद्यापीठांत ॲरिस्टॉटलच चालू होता. दोन दगड आणि एक गच्ची, एवढंच लागत होतं.

माझ्या मते ही नुसती एक चूक नव्हती. त्याने असं घर बांधून दिलं की त्यातून बाहेर पडायची कोणाला गरजच वाटेना. दगड खाली का येतो? पृथ्वीतत्त्वाची जागा विश्वाच्या मध्यात आहे म्हणून. ज्वाळ वर का जाते? अग्नीची जागा वर आहे म्हणून. चंद्राच्या खाली सगळं नाशवंत, वर सगळं अविकारी. प्रत्येक ‘का’ला उत्तर तयार, आणि उत्तर तयार असलं की मोजायला कोण बसणार?

त्यावर शब्दप्रामाण्याचं कुलूप. गॅलिलिओने १६३२ च्या ‘संवाद’ या ग्रंथात व्हेनिसमधला एक प्रसंग सांगितला आहे. एका शरीरशास्त्रज्ञाने प्रेत उघडून दाखवलं की मज्जातंतू मेंदूतून निघतात, हृदयाकडे जातो तो फक्त एक बारीक धागा. ॲरिस्टॉटलच्या मते त्यांचा उगम हृदयात. समोरचा विद्वान म्हणाला, तुम्ही इतकं स्वच्छ दाखवलंत की ॲरिस्टॉटलचं लिखाण याच्या विरुद्ध नसतं, तर मला हे खरं मानावंच लागलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो.

दोन हजार वर्षांचा उशीर या एका माणसाच्या नावावर लिहावा असं मला वाटतं. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

तळघर

सर, पूर्ण असहमत. टाकून बघा असं म्हणणारा माणूस होता. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने ॲरिस्टॉटलवर भाष्य लिहिता लिहिताच म्हटलं आहे की एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट जड घ्या, एकाच उंचीवरून सोडा, वेळेतला फरक अगदी थोडा निघेल. फेकलेल्या वस्तूला मागून हवा ढकलत राहते हेही त्याला पटलं नाही. फेकणाराच तिच्यात जोर भरतो, असं तो म्हणतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदानने अशाच जोराला ‘इम्पेटस’ म्हटलं.

आणि दोन हजार वर्षं कुठली? पश्चिम युरोपाकडे त्याचे निसर्गविषयक ग्रंथ बाराव्या शतकापर्यंत जवळजवळ नव्हतेच. ते बगदादला अरबीत गेले, कॉर्दोबाच्या इब्न रश्दने (११२६–११९८) त्यांवर भाष्यं लिहिली, आणि तोलेदोसारख्या ठिकाणी लॅटिनमध्ये उतरले. आल्या आल्या पॅरिसने १२१० मध्ये ते शिकवायला बंदी घातली. १२५५ मध्ये तेच ग्रंथ तिथल्या कला शाखेच्या अभ्यासक्रमात आले, आणि १२७७ मध्ये तिथल्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यांतलं एक असं: देव विश्वाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. पोकळी अशक्य हा ॲरिस्टॉटलचाच सिद्धान्त. तो देवावर लादायचा नाही असं ठरल्यावर पोकळीचा विचार करायला वाट मोकळी झाली. हा काही डोळे मिटून पोथी वाचणाऱ्यांचा इतिहास नव्हे.

सूर्यकेंद्री कल्पना नाकारली गेल्याचं खापरही त्याच्यावर फोडतात. ती सामोसच्या अरिस्टार्कसने इ.स.पू. तिसऱ्या शतकातच मांडली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत, आणि ते दिसत नव्हते. खगोलशास्त्रज्ञ बेसेलने ते सरकणं १८३८ मध्ये मोजलं. म्हणजे नाकारणाऱ्यांकडे चांगला पुरावा होता.

खाडीकाठची

मी मालवणकडची आणि माझं शिक्षण प्राणिशास्त्रातलं. सगळे दगडच टाकत बसलेत म्हणून लिहिते.

आमच्याकडे लहान मुशी बाजारात येते. तिचं पोट उघडलं की कधी कधी आत पिल्लं सापडतात, नाळेने आईला जोडलेली. लहानपणी हे बघून मी दोन दिवस आईला प्रश्न विचारून हैराण केलं होतं: मासा असून नाळ कशी? पुढे कळलं की ॲरिस्टॉटलने भूमध्य समुद्रातल्या गुळगुळीत कातडीच्या मुशीबद्दल हेच लिहून ठेवलंय, की हिची पिल्लं चतुष्पादांसारखी नाळेने गर्भाशयाला जोडलेली असतात. शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलरने १८४२ मध्ये तपासून ते बरोबर ठरवलं. ज्याने हे लिहिलं त्याने मुशी फाडून पाहिली होती, किंवा फाडणाऱ्या कोळ्यांशी बसून बोलला होता. लेस्बॉस बेटावरच्या पिऱ्हाच्या खाडीतल्या माशांच्या, शिंपल्यांच्या नोंदी त्याच्या ग्रंथांत जागोजागी आहेत. कोंबडीची अंडी दिवसांच्या क्रमाने फोडून आतलं हृदय कधी धडधडायला लागतं, हेही त्याने नोंदवलंय.

मधमाश्यांच्या जन्माबद्दल मोठं विवेचन करून शेवटी तो काय म्हणतो बघा: वस्तुस्थिती अजून पुरेशी कळलेली नाही, आणि कळेल तेव्हा सिद्धान्तापेक्षा निरीक्षणावर विश्वास ठेवावा. सर, व्हेनिसच्या त्या विद्वानाने हे पान वाचलं नसावं. डार्विनने मृत्यूच्या दोन महिने आधी, १८८२ मध्ये, एका पत्रात लिहिलं की लिनिअस आणि क्युव्हिए हे निसर्गाचे अभ्यासक माझे देव होते, पण म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ती शाळकरी पोरं. डार्विनने हे उगाच लिहिलं नाही.

रोखठोक

सगळा दोष अनुयायांचा आणि ॲरिस्टॉटल स्वच्छ, ही वाट फार सोयीची आहे. भौतिकशास्त्र सोडा, ‘राज्यशास्त्र’ उघडा. पहिल्याच भागात लिहिलंय की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात आणि गुलामी त्यांच्या हिताची असते. हे कुठल्या भाष्यकाराने घुसडलेलं नाही.

१५५०–५१ मध्ये स्पेनच्या वायादोलिदला वाद झाला: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का? सेपुल्वेदाने होकारार्थी बाजू मांडली आणि हीच नैसर्गिक गुलामी पुढे केली. त्याने ‘राज्यशास्त्रा’चं लॅटिन भाषांतर स्वतः केलं होतं, म्हणजे ग्रंथ नीट न वाचल्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. तिकडे खाणींत माणसं मरत होती आणि इकडे त्याला तत्त्वज्ञानाचा आधार मिळत होता. दगडाचा वेग चुकला तर कित्येक शतकांनी का होईना, दुरुस्त करता येतो. या चुकीची भरपाई कशी करणार?

तळघर

रोखठोक, नैसर्गिक गुलामीचं समर्थन मी करणार नाही, ते होऊच शकत नाही. पण त्याच वादात समोर लास कासास हा धर्मगुरू होता. त्याने एका बाजूने ‘रानटी’ शब्दाचे वेगवेगळे अर्थ ॲरिस्टॉटलच्याच आधाराने वेगळे काढून दाखवले आणि दुसऱ्या बाजूने, शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ताची आज्ञा आड आली तिथे, ॲरिस्टॉटलला सरळ निरोप दिला. या वादाचा सारांश ज्याने लिहिला तो दोमिंगो दे सोतो. या दे सोतोने त्याच सुमारास ॲरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्रावरच्या भाष्यात लिहिलं की पडणाऱ्या वस्तूचा वेग वेळेबरोबर सारखा वाढत जातो. गॅलिलिओच्या जन्माआधी!

कललेली फळी

मुशीबद्दल मला माहीत नव्हतं, ताई. मनापासून आभार. उद्या वर्गात सांगणार आहे. ‘दोन हजार वर्षं’ मी मागे घेतो, फिलोपोनसमुळे ते टिकत नाही.

पण तळघर, तुमचा दे सोतो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. सारख्या वाढणाऱ्या वेगाचं गणित ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार होतं. पॅरिसच्या ओरेमने त्याची आकृतीही काढली. दे सोतोने ते पडणाऱ्या वस्तूला लावलंसुद्धा, भाष्यातल्या एका उदाहरणापुरतं. गोटी कोणी सोडली नाही. गॅलिलिओने फळी कलती ठेवली, खोबणीतून काशाचा गोळा सोडला, आणि वेळ मोजायला पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्याच्या तळाशी बारीक नळी बसवून पडलेलं पाणी तोललं. पाण्यावर वेळ मोजणं तर ॲरिस्टॉटलच्या काळात अथेन्सच्या न्यायालयांतही चालत होतं.

भांडं, नळी, तराजू, फळी. ब्युरिदानच्या पॅरिसमध्ये यातलं काय नव्हतं?