मदत हवी आहे: ब्रॉयलरच्या खाद्यात हळद-मिरी किती घालू?

नमस्कार मंडळी,
मुरबाडकडे माझी ब्रॉयलरची छोटी शेड आहे. कंपनीच्या करारावर नाही, खाद्य मीच आणतो. माल कल्याणला मेव्हण्याच्या दुकानात जातो आणि तिथे हल्ली "औषधावर वाढवलेली नाही ना?" असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढलीत. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आलीच. बाकीची वाढीची औषधंही थांबवून हळद, लसूण, काळी मिरी द्यायचा विचार आहे.

हळद किलोला पाच ग्रॅम म्हणतात, कोणी दहा सांगतं. नक्की किती? माझं खाद्य पेलेटचं (दाबून केलेले दाणे). पूड टाकली की तळाला बसते आणि पक्षी वरचे दाणे टिपून मोकळे! शिवाय एक ओळखीचा वाशीच्या मसाला मार्केटातून फुटकी मिरची आणि खाली सांडलेली, झाडून गोळा केलेली हळद स्वस्तात आणून देतो म्हणतोय. पक्ष्यांना तिखट झोंबत नाही, मग घ्यायला हरकत आहे का?

प्रतिसाद १:
दादा, झोंबत नाही हे खरं, पण झाडलेला माल अजिबात नको. दमट मिरचीला बुरशी लागते, त्यातलं अफलाटॉक्सिन हे विष थेट लिव्हर धरतं. वाढ खुंटते, लसही नीट लागू पडत नाही. सुट्या हळदीतही रंगासाठी लेड क्रोमेट (शिशाचा विषारी पिवळा रंग) मिसळलेलं सापडतं, म्हणून अख्खी हळकुंडं आणून दळून घ्या. पाच ग्रॅमपासूनच सुरू करा, म्हणजे ५० किलोच्या गोणीला पाव किलो. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचं मुख्य गुणकारी द्रव्य, जेमतेम ३ टक्के, तेही आतड्यात फार शोषलं जात नाही. मिरीतल्या पायपरीनने ते जरा जास्त शोषलं जातं, म्हणून मिरी अगदी थोडी पुरे. पेलेटला आधी किंचित सोयाबीन तेल चोळा, मग पूड टाका, चिकटून राहील.
कॉक्सीचं (ओल्या तुसातून पसरणाऱ्या आतड्याच्या रोगाचं) औषध मात्र हळदीच्या भरवशावर सोडू नका. पावसाळ्यात आपल्याकडे शेडमध्ये अंथरलेलं तूस कोरडं राहतं कुठे?

प्रतिसाद २:
मसाल्याने वजन वाढेलच असं नाही हो, काहींना फरक दिसतो, काहींना शून्य. शेडच्या मध्ये जाळी मारा, एकीकडे मसाला, दुसरीकडे साधं खाद्य. दोन्हीकडचं खाद्य, वजन, मरतुक वेगळी लिहा. एफसीआर (किलोभर वजन वाढायला लागणारं खाद्य) सुधारला नाही तर मिरीचा खर्च अंगावर येईल.

धागाकर्ता:
मिरची रद्द! जाळी पडून आहेच, पुढच्या लॉटला लावतो. लसणाचं कोणी सांगेल का? ताजा ठेचून घातला तर खाद्य ओलं होतं, सुकवून पूड केली तर चालेल का?