सीताबर्डी स्टेशन आलं की छाती धडधडते

धरमपेठकर: तीन आठवडे झाले. सीताबर्डीला खापरीची मेट्रो बदलायला उतरतो, गर्दीत हात बधिर होतात, वाटतं आता गेलोच. ईसीजी नॉर्मल. आई म्हणते, "टेन्शन घेऊ नको." मी काय मुद्दाम घेतो? आता स्कूटीनं जातो, मे महिन्याच्या नागपुरी उन्हात! कोणाशी बोलू?

तर्रीपोहा: भाऊ, माझं २ वर्षं चाललं हे. घाबरण्याचा झटका (पॅनिक अटॅक) साधारण १० मिनिटांत शिगेला जातो अन् मग उतरतो, हे कळलं तेव्हाच माझी अर्धी भीती गेली. श्वास घेतो त्यापेक्षा सावकाश सोडायचा. मेट्रो मात्र टाळू नको. मी टाळत गेलो, तर शेवटी ऑफिसची लिफ्टही सुटली. (पाचवा मजला! वजन तेवढं कमी झालं.) मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत दाखव. रांग असते, डबा ने.

वऱ्हाडीताई: रात्री जीव घाबरला तर १४४१६ लाव. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. मी पहिल्यांदा नुसती रडले. त्या बाईंनी ऐकून घेतलं.

धरमपेठकर: उद्या झाशी राणी चौकापर्यंतच जाऊन पाहतो. सीताबर्डी परवा.